तुम्ही पुढे व्हा



आपल्या धर्मग्रामातील युवक मंडळाने गेल्या आठवड्यात एक कागद आमच्या टेबलावर आणून ठेवला आहे. तोरणा ते राजगड असा दोन दिवसांचा ट्रेक त्यांनी ठरवला आहे. पहिल्या दिवशी वेल्ह्याहून तोरणा चढायचा, मेंगाई देवीच्या देवळात मुक्काम. दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठणे, सहाला बुधला माची, साडेदहाला डांबरी रस्ता, दोनला राजगडाची संजीवनी माची, पाचला पायथ्याच्या गुंजवण्यात गाडी तयार. पालकांच्या सह्या झाल्या आहेत. आमची राहिली आहे.

ज्यांनी ही वाट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तोरणा १४०३ मीटर उंच. बुधला माचीवरून उतरले की दोन्ही गडांना जोडणारी डोंगराची धार लागते. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की दोघांनी शेजारी चालू नये. दोन्ही बाजूंना खोल दऱ्या, कमरेपर्यंत कारवी, आणि उतारावर घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारी बारीक खडी. मध्ये एका खिंडीत डांबरी रस्ता ओलांडायचा आणि पुन्हा चढायला लागायचे. दिवसभराची चाल आहे. पाणी आपले आपण न्यायचे. वाटेत सुंदर म्हणावे असे फार आहे, पण धारेवर नजर पायांवरच ठेवावी लागते.

आम्ही हे ऐकीव सांगत नाही. २००० सालच्या डिसेंबरात, सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना, आम्ही सात जण याच वाटेने गेलो होतो. आमचेही असेच वेळापत्रक होते. रस्ता ओलांडून पुढचा चढ सुरू झाल्यावर आमच्यातल्या एका ब्रदरचा पाय घसाऱ्यावरून सटकला आणि घोटा मुरगळला. बघता बघता तो सुजला. बाकीच्यांना अंधाराच्या आत गड गाठायचा होता. दहा-पंधरा मिनिटे चर्चा झाली. मग तोच म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा. मी हळूहळू रस्त्यावर उतरतो, एखादी जीप मिळेल."

आम्ही त्याला एक पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा दिला, सावलीत बसवले आणि पुढे झालो. सूर्यास्त संजीवनी माचीवरून पाहिला. तो फार सुंदर होता, हे लिहिताना आजही अवघड वाटते. रात्री पद्मावती माचीवर जेवताना कोणीतरी पहिल्यांदा म्हणाले, "जीप मिळाली असेल ना?" त्यावर कोणी बोलले नाही. एकच टॉर्च होता. दोघे जण निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. सकाळी तो सापडला. त्याला उतरता आलेच नव्हते. गुरे शोधत आलेल्या एका आजोबांनी त्याला खांदा देऊन आपल्या झोपडीत नेले होते, हळद लावली होती, भाकरी दिली होती. आजोबांनी आम्हाला एकच विचारले, "हा तुमच्यातलाच का?"

त्या वर्षी आमच्या अभ्यासाला नीतिशास्त्राचा पेपर होता. आम्हा सगळ्यांना चांगले गुण मिळाले.

पुढे २००६ साली एव्हरेस्टच्या ईशान्य धारेवरची बातमी जगभर गाजली. डेव्हिड शार्प हा ३४ वर्षांचा इंग्रज गिर्यारोहक सुमारे साडेआठ हजार मीटर उंचीवर एका कपारीत गोठून बसला होता. त्याच्याजवळ वायरलेस नव्हता, ऑक्सिजन अगदी कमी नेला होता. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सुमारे चाळीस माणसे त्याच्या जवळून गेली. कोणाला तो दिसला नाही, कोणाला तो मेलेला वाटला. काहींनी परतताना ऑक्सिजन दिला, उभे करण्याचा प्रयत्न केला. तो तिथेच मरण पावला. सर एडमंड हिलरी तेव्हा हयात होते. त्यांनी या वागण्यावर जाहीरपणे कठोर टीका केली. उलट बाजूने असेही म्हटले गेले की, आठ हजार मीटरच्या वर माणसाला स्वतःचाच जीव जड असतो, तिथे खालची नीती लावू नका.

हे बोलणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. अशक्य गोष्टीला कोणी बांधील नसतो, हे नीतिशास्त्राचे जुने तत्त्व आहे आणि ते बरोबर आहे. त्या उंचीवर चालू न शकणाऱ्या माणसाला अरुंद धारेवरून उचलून आणणे जवळजवळ अशक्य असते. प्रयत्न करणारेही मरू शकतात. डेव्हिडच्या आईनेही कोणाला दोष दिला नाही. तिथे नसलेल्या आपण, पंख्याखाली बसून, त्या चाळीस जणांचा न्याय करू नये.

पण अकरा दिवसांनी, २६ मे २००६ रोजी, त्याच धारेवर दुसरी गोष्ट घडली. लिंकन हॉल हा ऑस्ट्रेलियन गिर्यारोहक आदल्या दिवशी शिखरावरून उतरताना कोसळला. त्याच्या शेर्पांनी तासन् तास प्रयत्न केले, शेवटी तो मेला असे समजून त्यांना खाली यावे लागले. सकाळी चौघे जण वर चढत होते: अमेरिकेचा डॅन मझूर, कॅनडाचा अँड्र्यू ब्रॅश, इंग्लंडचा माइल्स ऑझबोर्न आणि नेपाळचा जंगबू शेर्पा. त्यांना तो बसलेला दिसला. टोपी नाही, हातमोजे नाहीत, जॅकेट उघडे, आणि जिवंत. शिखर आता दूर नव्हते, हवा स्वच्छ होती. ते थांबले. त्याला ऑक्सिजन दिला, पाणी दिले, खाऊ घातले, आणि खालून मदत येईपर्यंत सुमारे चार तास त्याच्याजवळ राहिले. तोवर त्यांचे शिखर गेले. हॉल वाचला.

दोन्ही प्रसंग सारखे नव्हते, हे मान्य. हॉल बोलू शकत होता, थोडाफार चालू शकला. तरी धार तीच, महिना तोच. तेव्हा उंचीमुळे नीती संपते हे म्हणणे टिकत नाही. मग फरक कशाने पडतो?

आम्हाला वाटते, फरक बराचसा पायथ्याशी पडलेला असतो. आपल्यापुरताच ऑक्सिजन, आपल्यापुरताच वेळ आणि आपल्यापुरतेच बळ घेऊन जो निघाला, त्याच्याजवळ वर गेल्यावर दुसऱ्याला द्यायला काही उरत नाही. तिथे तो खरेच असहाय असतो, खोटे बोलत नसतो. पण ही असहायता त्याने स्वतःच बांधून आणलेली असते. आमचेही तसेच झाले. त्या चढावर आम्ही निर्दय झालो नव्हतो. एका मित्राच्या मुरगळलेल्या पायासाठी आमच्या वेळापत्रकात अर्ध्या तासाचीही जागा नव्हती, आणि ते वेळापत्रक आम्ही सेमिनरीच्या व्हरांड्यात हसतखेळत केले होते.

दयाळू शमरोन्याचा दाखला आपण इतक्यांदा ऐकतो की तो रस्ता डोळ्यांसमोर येत नाही. यरुशलेमहून यरीहोला जाणारी ती वाट उघड्या रानातून हजार मीटर खाली उतरते. याजकाला आणि लेव्याला तिथे थांबण्याची भीती वाटली असेल, तर ती खोटी नव्हती. शमरोनीही प्रवासातच होता, त्यालाही कामे होती, आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने गेलाही. पण त्याच्याजवळ तेल होते, द्राक्षारस होता, जनावर होते, आणि खाणावळीत द्यायला पैसे होते. या सामानाकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले.

आणि "तुम्ही पुढे व्हा" या शब्दांचे काय? ते त्याने मनापासून म्हटले होते. ते म्हणणे त्याचा मोठेपणा होता. आम्ही मात्र ते परवानगीसारखे खिशात घातले. घरातली म्हातारी माणसेही असेच म्हणतात, "तुम्ही जा, माझी काळजी करू नका." ऐकणारा ते किती पटकन मान्य करतो, यावरून त्याची पारख होते. शिवाय आम्ही सहा जण होतो. एकटा असता तर प्रत्येकजण थांबला असता, अशी आमची आजही समजूत आहे. "आम्ही" या शब्दाआड माणसाला लपायला फार चांगली जागा मिळते; हा लेख लिहितानाही ती मिळते आहे.

तो ब्रदर आज दुसऱ्या धर्मग्रामात फादर आहे. त्याने हा विषय कधी काढला नाही. आम्हीच काढला, वीस वर्षांनी. तो म्हणाला, "मला राग नव्हता रे. फक्त तुमचे आवाज ऐकू येईनासे झाले, तेव्हा भीती वाटली."

युवक मंडळाच्या सेक्रेटरीला आम्ही बोलावून विचारले, "रस्ता ओलांडल्यावर एखाद्याला चालवेनासे झाले तर?" तो म्हणाला, "फादर, मग राजगड होणारच नाही." आम्ही म्हटले, "हे कागदावर लिहा, आणि प्रत्येकाला आधी वाचून दाखवा." तो कागद घेऊन गेला आहे. अजून परत आलेला नाही.