घडवणारा आणि दुरुस्त करणारा



आपल्या देवळाली कॅम्पात लष्करातून निवृत्त झालेली कितीतरी कुटुंबे आहेत. अशा घरांत कपाटाच्या खणात, रुमालात गुंडाळलेले एखादे एचएमटीचे घड्याळ हमखास सापडते. जनता, पायलट, जवान, कोहिनूर ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांना पाठ आहेत. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली ही घड्याळे बंगलोरला तयार होऊ लागली. पुढे सेलवर चालणारी घड्याळे आली, चावीची घड्याळे मागे पडली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

तरीही काही हौशी मंडळी डोळ्याला भिंग लावून ही घड्याळे दुरुस्त करीत बसतात. पुष्कळदा दोष साधा असतो. आतले तेल सुकून चिकट झालेले असते. भाग सुटे करून धुतले, थेंबभर तेल दिले की घड्याळ चालू लागते. पण घड्याळ हातातून पडले असेल तर बॅलन्स चाकाचा आस मोडतो. त्याची टोके जवळजवळ केसासारखी बारीक असतात. ते धुऊन भागत नाही, नवा आसच लागतो.

मग शोध सुरू होतो. घड्याळजींच्या जुन्या डब्या पालथ्या घालायच्या, मुंबईच्या चोर बाजारात फिरायचे. शेवटी काच फुटलेले, तबकडी डागाळलेले एखादे टाकाऊ घड्याळ मिळते. त्याच्या पोटात तो आस शाबूत असतो. अट एकच, मशीन त्याच जातीचे हवे. महागड्या स्विस घड्याळाचा भाग जनताला बसत नाही. जनता आणि पायलट यांचे मशीन मात्र एकाच जातीचे, म्हणून एकाचा भाग दुसऱ्याला चालतो.

देवाला घड्याळ घडवणाऱ्याची उपमा तत्त्वज्ञानात जुनी आहे. विल्यम पेली यांनी १८०२ साली असा युक्तिवाद केला, की माळावर घड्याळ सापडले तर ते कोणीतरी घडवले असणार, तसेच या सृष्टीचे आहे. त्याआधी १७१५ साली लायब्निझ यांनी न्यूटनच्या अनुयायांना टोमणा मारला होता. तुमच्या देवाला आपल्या घड्याळाला अधूनमधून चावी द्यावी लागते, ते दुरुस्तही करावे लागते, मग तो कसला कारागीर, असा त्यांचा रोख होता. ग्रहताऱ्यांच्या गतीपुरते त्यांचे म्हणणे ठीक असेलही. पण माणूस हे यंत्र नाही. त्याला स्वातंत्र्य आहे, म्हणून तो पडू शकतो आणि मोडूही शकतो. आणि आपली श्रद्धा सांगते, की मोडलेल्या माणसाजवळ वाकून बसण्यात देवाला कमीपणा वाटत नाही.

आपल्या रोजच्या चुकांचा मळ प्रायश्चित्त संस्कारात धुतला जातो. पण पापाने मानवाचा आसच मोडला होता, आणि तो आपला आपल्याला घडवता येत नव्हता. देवदूतांच्या जातीचा भाग आपल्याला बसला नसता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच सांगितले आहे, की ख्रिस्ताला सर्व बाबतींत आपल्या बंधूंसारखे होणे भाग होते. तो आपल्याच जातीचा झाला, मरियेच्या उदरी मानवदेह घेतला आणि स्वतःला रिकामे केले. इथे मात्र उपमा अपुरी पडते. भाग दिलेले घड्याळ डबीत पोकळ होऊन पडून राहते. ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठला.

आज आपल्याला सर्वत्र ऐकू येते, की दुरुस्तीपेक्षा नवे घेणे स्वस्त पडते. वस्तूंच्या बाबतीत ते खरे असेल. पण हीच भाषा आपण माणसांबद्दल बोलू लागलो आहोत. जमिनीच्या वाटणीवरून भाऊ भावाच्या अंत्यविधीला जात नाही. दारूत बुडालेल्या मुलाचे नाव घरात काढले जात नाही. आपण म्हणतो, आता तिथे काही होणार नाही. माणसाला घडवणाऱ्याने मात्र आपला कारखाना बंद केलेला नाही. त्याला लागणारा भाग पुष्कळदा आपल्याच पोटात असतो: एक क्षमेचा शब्द, एक फोन, तासभर जवळ बसणे. दुसऱ्या कोणाचा शब्द त्या जागी बसणार नाही, भावाला भावाचाच शब्द लागतो.

आणि अंथरुणाला खिळलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनो, माझा आता काय उपयोग, असे म्हणू नका. काच फुटली असेल, काटे थांबले असतील. पण तुमच्यासारखेच दुःख भोगणाऱ्या माणसाला जो धीर तुम्ही देऊ शकता, तो धडधाकट माणसाला देता येत नाही.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने एकच करू या. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे अशा एका माणसाचे नाव मिस्साबलीत प्रभूपुढे ठेवू या, आणि पुढच्या रविवारपूर्वी त्याच्या दारात जाऊ या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.