नाव आधी, काम नंतर



१ मे हा दिवस आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन म्हणून पाळला जातो. ख्रिस्तसभेत त्याच दिवशी कामगार संत योसेफ यांचे स्मरण केले जाते. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. त्या दिवसाच्या मिस्सेसाठी संत मत्तयच्या शुभवर्तमानातील उतारा नेमला आहे (मत्तय १३:५४-५८). सण श्रमाचा, म्हणून त्या उताऱ्यात श्रमाची थोरवी सांगितली असेल असे आपल्याला वाटते. पण वाचू लागलो की वेगळेच दिसते. प्रभू येशू आपल्या गावी येऊन सभास्थानात शिकवतो. लोक थक्क होतात आणि लगेच आपसात कुजबुजू लागतात, की याला आपण ओळखतो, हा तर सुताराच्या घरचा. योसेफाचे काम तिथे गौरवासाठी निघत नाही, हिणवण्यासाठी निघते.

नाझरेथकरांचे चुकले कुठे? योसेफ सुतार होता, हे तर खरेच होते. पण काम कळले म्हणजे माणूस कळला, बाप कळला म्हणजे मुलगा कळला, असे ते धरून चालले. त्यामुळे देवाचा पुत्र समोर उभा असूनही तो त्यांना दिसला नाही.

ही चूक आपल्याला परकी नाही. आपल्या खेड्यांत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार अशी बलुतेदारांची कामे जन्मानेच ठरून जात. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, पण त्याबरोबर गावात कुठे राहायचे, कुठले पाणी भरायचे, कुणासमोर उभे राहायचे हेही ठरलेले असे. काम हीच माणसाची ओळख झाली होती आणि त्या ओळखीतून सुटका नव्हती.

आपल्या कोल्हापूरची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे एक दलित नोकर होते. महाराज बाहेरगावी असताना त्यांनी वरच्या जातीच्या नोकरांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला, म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परत आले तेव्हा त्यांना हे कळले. त्यांनी गंगाराम यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली आणि भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे चहाचे हॉटेल उभे राहिले. पण त्यांच्या हातचा चहा प्यायचा कुणी? तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. घोड्यांची निगा राखणारे हात आणि चहाचा कप पुढे करणारे हात एकच होते. फरक एवढाच, की पाहणाऱ्याने या वेळी आधी माणूस पाहिला. पुढे १९१८ साली महाराजांनी महार वतने रद्द केली. जमिनीच्या लहानशा तुकड्यापायी अख्ख्या घराला वेठीला धरणारी ती पद्धत होती. आपल्यातल्या काहींच्या आजा-पणजांनी ते ओझे वाहिले आहे.

ते दिवस गेले, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो का? मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात नवा माणूस भेटला, की नाव विचारून होते न होते तोच आपण विचारतो, "काय करता?" सोयरीक आली, की मुलाचा स्वभाव राहतो बाजूला. कुठे लागलाय, पर्मनंट आहे का, एवढेच आधी विचारले जाते. उत्तर ऐकून आपला आवाज बदलतो, पुढे केलेली खुर्चीही बदलते.

हाच प्रश्न मग आपण स्वतःलाही विचारू लागतो. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीत साचे भरणाऱ्या भावाला ठेकेदाराने ब्रेक दिला, तर तो आठवडाभर घरी सांगत नाही. नेहमीच्या वेळी डबा घेऊन बाहेर पडतो. विमानतळाच्या विस्तारासाठी ज्याची जमीन गेली, त्याला मोबदल्याचा हिशेब सांगता येतो, पण अर्जावर 'व्यवसाय' या रकान्याशी त्याचे पेन थांबते. जन्मभर शेतकरी लिहिले, आता काय लिहायचे? निवृत्त झालेला मनुष्य पाळीच्या वेळेला उठून बसतो आणि आपण आता कुणाच्या कामाचे राहिलो नाही, असे मनाशी म्हणतो. आणि पहाटे उठून धार काढणारी, डेअरीला दूध घालणारी, वैरण आणि शेणघाण करून घरातल्या सगळ्यांचे डबे भरणारी माउली त्याच रकान्यात सांगते, "काही नाही, घरीच असते म्हणून लिहा." २०२० च्या टाळेबंदीत भट्ट्या थंड पडल्या, तेव्हा पगाराची काळजी तर होतीच. पण काम नाही तर आपण कोण, ही काळजीही कित्येकांना रात्री झोपू देत नव्हती.

पोप जॉन पॉल दुसरे यांना कामगाराचे जिणे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात पोलंड जर्मनांच्या ताब्यात असताना तरुणपणी त्यांनी क्राकूव शहरात आधी दगडाच्या खाणीत आणि मग रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली. पोप झाल्यावर १९८१ साली त्यांनी मानवी श्रमाविषयी 'लाबोरेम एक्झर्सेन्स' हे परिपत्रक लिहिले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर काढलेल्या 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकाला तेव्हा नव्वद वर्षे झाली होती. त्यांचा मुख्य विचार आपल्याला सहज समजेल असा आहे. कामाची योग्यता ठरवताना काम कोणते हे आधी पाहू नये, ते करणारा कोण आहे हे पाहावे. करणारा माणूस देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडलेला आहे. काम त्याच्यासाठी आहे, तो कामासाठी नाही. म्हणजे मान कामाकडून माणसाकडे येत नाही, माणसाकडून कामाकडे जातो. म्हणूनच काम सुटले तरी त्याचा मान सुटत नाही.

मग काम कसेही केले तरी चालेल का? मुळीच नाही. प्रभू येशूने स्वतः सुतारकाम केले (मार्क ६:३). संत पौल तंबू बनवून पोट भरत असे (प्रेषितांची कृत्ये १८:३). मान आपल्याकडून कामाकडे जातो, तसा अप्रामाणिकपणाही त्याच वाटेने जातो. आत पोकळ राहिलेले कास्टिंग ठाऊक असून पुढे ढकलणे, दुधात पाणी घालणे, मजुराची मजुरी अडवून ठेवणे, यात आपण देवाच्या त्या प्रतिमेलाच डाग लावतो.

आणि ज्याला काम मिळतच नाही त्याचे काय? द्राक्षमळ्याचा दाखला आठवा (मत्तय २०:१-१६). मळ्याचा मालक दिवस कलल्यावरही बाजारात जातो आणि उभ्या असलेल्या माणसांना विचारतो. आम्हाला कुणी कामाला बोलावलेच नाही, असे ते सांगतात. तो त्यांना आळशी ठरवत नाही. कामाला लावतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. पोटाला भाकरी पूर्ण दिवसाचीच लागते, हे त्याला कळते. देव आपल्याकडे असा पाहतो. आपण एकमेकांकडे तसे पाहतो का?

बंधू-भगिनींनो, बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात तो बाळाच्या नावाचा. बाप काय करतो हे त्या विधीत कुठेच विचारले जात नाही. या आठवड्यात आपण एवढे करू या. चर्च झाडणाऱ्या, आपल्या गल्लीत कचरा उचलणाऱ्या, शेतावर रोजाने येणाऱ्या माणसाला नावाने हाक मारू. ज्याचे काम सुटले आहे त्याच्या घरी जाऊ, सल्ला द्यायला नव्हे, सोबत बसायला. कुठे जागा निघाल्याचे कळले तर त्याला आधी सांगू. ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत त्यांनी मजुरी वेळेवर द्यावी. आणि घरच्या माउलीला "काही नाही" असे पुन्हा म्हणू देऊ नये.

हे संत योसेफा, शुभवर्तमानात तुझा एकही शब्द नोंदलेला नाही, तरी देवाने आपला पुत्र तुझ्या घरी सोपवला. आमच्या हातांना काम मिळावे म्हणून विनंती कर, आणि काम नसेल त्या दिवशीही आम्ही देवाची लेकरे आहोत याचा आम्हाला विसर पडू देऊ नकोस. आमेन.