कारागिराची सचोटी

एखादी वस्तू उत्तम घडवली, एवढ्यानेच घडवणाऱ्याचे कर्म चांगले ठरते काय? या प्रश्नासाठी हाताने घडवलेल्या ब्रायर पाइपचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेत आहोत. त्याची घडण निर्दोष असू शकते. त्याच्या उपयोगाविषयी तसे म्हणता येत नाही.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरातील एका झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ. ती कित्येक तास उकळतात, मग महिनोन्महिने वाळवतात. धुराचे छिद्र वाटीच्या अगदी तळाशी उघडावे लागते. ते वर गेले तर तळाची तंबाखू नीट जळत नाही. गाठीच्या पोटातले खडे व पोकळ्या मात्र कोरतानाच उघड होतात. अशा वेळी सचोटीचा कारागीर तुकडा बाजूला ठेवतो. दुसरा लांबी भरून वर रंग चढवतो. लोणावळ्यात भिंतीची ओल रंगाखाली झाकणाऱ्याचे खोटे पहिल्या पावसातच उघडे पडते. पाइपचे खोटे उघडे पाडते ती आच.

आपल्या मावळातील कार्ले येथील चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही टिकून आहेत. धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने तेथील दरवाजा घडवल्याचा ब्राह्मी लेखही आहे. कामावर नाव कोरणे म्हणजे त्या कामाची जबाबदारी पत्करणे होय.

परंतु जबाबदारी घडणीपाशी संपते का? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी यात भेद केला. कारागीर म्हणून माणसाची पारख त्याच्या कामावरून होते. माणूस म्हणून मात्र त्याच्या कृत्यावरून होते. ज्या वस्तूचा उपयोग पापावाचून होऊच शकत नाही, ती घडवणे पाप. तलवारीसारखी बऱ्यावाईट दोन्ही कामी येणारी वस्तू घडवणे पाप नव्हे. मात्र जिचा उपयोग बहुतांशी वाईटच होतो, तिची कला राज्यकर्त्याने बंद करावी, असेही ते सांगतात.

फ्रान्समधील सेंट-क्लोद गावचे कातारी यात्रेकरूंसाठी जपमाळा घडवत. एकोणिसाव्या शतकात तेथेच ब्रायर पाइप घडू लागले. कसब तेच राहिले, वस्तू बदलली. त्या काळी तंबाखूचा धोका पुरता ठाऊक नव्हता. 1950 साली डॉल व हिल या संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. आपल्या देशात 2003 साली तंबाखूविषयक कायदा झाला. ज्ञान वाढले की जबाबदारीही वाढते. म्हणून पाइपमधील कसबाचा आम्ही आदर करतो. पण त्या आदराने धुराचे समर्थन होत नाही.

मावळातील आपली मुले आज कारखान्यांत, बांधकामांवर, हॉटेलांत कामे शोधतात. काम नीट कर, असे आपण त्यांना सांगतोच. हे काम कोणाच्या उपयोगी पडेल व कोणाला अपाय करील, हेही विचारायला त्यांना शिकवावे. पहिला प्रश्न हाताचा, दुसरा सदसद्विवेकबुद्धीचा. आणि रोजगाराची गरज कितीही मोठी असली, तरी दुसरा प्रश्न टाळता येत नाही.