नाही म्हणण्याचा परवाना

माझी आजी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत राहायची. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिला ताप भरला, छातीत कफ झाला, म्हणून आम्ही तिला जवळच्या गावातल्या एका लहानशा खाजगी दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर रात्री नऊला घरी जायचे. त्यानंतर सकाळपर्यंत सगळा दवाखाना एका बाईच्या हाती. बारावी झालेली, आठ-नऊ वर्षं तिथेच काम करून शिकलेली. पांढरा कोट घालायची. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. तिनेच मला पहिल्या रात्री हसत सांगितलं, "सिस्टर वगैरे काही नाही हो मी. ताई म्हणा."

दुसऱ्या रात्री आजीचा ताप वाढला. ताईने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक इंजेक्शन सांगितलं. औषधाचं नाव ऐकून ताई थांबली. आदल्या दिवशी आईने तिला सांगितलं होतं, की पूर्वी अशाच एका इंजेक्शनने आजीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. ताईने ते फोनवर सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "काही होत नाही, द्या." तिने माझ्याकडे पाहिलं, सिरिंजकडे पाहिलं, आणि दिलं.

पाच मिनिटांत आजीचा चेहरा सुजला, श्वास लागला. ताईने ते क्षणात ओळखलं. आजीचे पाय वर केले, ऑक्सिजन लावला, फोनवर जवळजवळ ओरडून डॉक्टरांना बोलावलं. ते धावत आले, आजी वाचली. सकाळी काउंटरवर माझ्या काकांनी जाब विचारला, तेव्हा उत्तर मिळालं: "तिला काय कळतं? ती काही नर्स नाही." रात्रभर जी सिस्टर होती, ती सकाळी नर्स राहिली नाही. ताई कोपऱ्यात गॉज घडी करत उभी होती. ती काही बोलली नाही. आणि खरं काय घडलं ते फोनशेजारी उभं राहून ऐकलेला मी, मीही काही बोललो नाही.

नर्सला परवाना कशाला लागतो, हा प्रश्न मला त्या सकाळपासून पडलेला आहे.

सोपं उत्तर असं, की परवाना म्हणजे ज्ञानाची खूण. शिकली, परीक्षा दिली, नोंदणी झाली, म्हणजे तिला येतं. पण त्या रात्री ताईला जे यायला हवं होतं ते येत होतं. धोका तिला डॉक्टरांच्या आधी दिसला होता. तिच्याकडे नव्हती ती दुसरी एक गोष्ट. "मी हे देणार नाही" असं म्हणून जागेवर उभं राहण्याची जागा तिला नव्हती. ती काय आहे तेच मुळात कुठे लिहिलेलं नव्हतं. मग ती काय नाकारू शकते, हे तरी कुठून लिहिलेलं असणार?

ही नोंदणीची कल्पना फार जुनी नाही. देशभरातल्या परिचारिकांची स्वतंत्र कायद्याने नोंदणी करणारा पहिला देश न्यूझीलंड, १९०१ साली. इंग्लंडमध्ये त्यासाठी जवळजवळ तीस वर्षं भांडण चाललं. एका बाजूला एथेल बेडफर्ड फेनविक. त्यांचं म्हणणं, की कोणीही बाई टोपी घालून स्वतःला नर्स म्हणवते, रुग्णाला फरक कळत नाही, म्हणून सरकारी नोंदवही हवी. दुसऱ्या बाजूला खुद्द फ्लोरेन्स नाइटिंगेल. आधुनिक परिचर्येची आई म्हणून आपण जिचं नाव घेतो, तिचा नोंदणीला विरोध होता. चांगली परिचारिका तिच्या स्वभावाने, सवयीने, रात्री तिसऱ्या प्रहरीही जाग्या असलेल्या लक्षाने ओळखायची. परीक्षा घेऊन ते मोजता येत नाही, असं तिला वाटायचं. शेवटी १९१९ साली कायदा झाला आणि नोंदवहीत पहिलं नाव फेनविकबाईंचं लागलं.

आपल्याकडे मद्रास इलाख्यात १९२६ साली आणि मुंबई इलाख्यात १९३५ साली परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचे कायदे आले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद झाली, १९६६ साली महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा आला. २०२३ साली संसदेने १९४७ चा कायदा बाजूला करून परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा नवा कायदा केला. म्हणजे कागदाची कमतरता कधी नव्हती.

पण नाइटिंगेलचा मुद्दा कायद्यांची यादी वाचून खोटा पडत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अत्याचार झाला. त्यानंतर मे २०१५ मध्ये जाईपर्यंत, एकेचाळीसहून अधिक वर्षं, त्यांना केईएमच्या परिचारिकांनी सांभाळलं. पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, काम चालू राहिलं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार या कर्मचाऱ्यांचा मानला. कोणत्या परीक्षेत याचे गुण देणार? ही माया प्रमाणपत्रात कुठल्या रकान्यात लिहिणार?

खरंच, नाही लिहिता येत. तरीही मला वाटतं फेनविक बरोबर होत्या. स्वभावावरून माणूस ओळखायला आधी ओळख असावी लागते. आमच्या वाडीतली सुईण कुणाची कोण, तिच्या हातून किती बाळंतपणं नीट झाली, किती फसली, हे सगळ्या वाडीला ठाऊक असायचं. तिचा परवाना लोकांच्या आठवणीत होता. पण दवाखान्यात आपण रात्री दोन वाजता अनोळखी हातात आपल्या माणसाचा दंड देतो. तिथे विचारपूस करायला वेळ नसतो. नोंदणी म्हणजे समाजाने त्या अनोळखी क्षणासाठी आधीच करून ठेवलेली विचारपूस. माया त्यात येत नाही हे खरं, पण माया नोंदणीने कमीही होत नाही. केईएमच्या त्या सगळ्या जणी नोंदणीवाल्याच होत्या.

आता याच्या उलट बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. नुसतं वजन करणं, ऊब देणं एवढंच नाही, तर जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून बाळाला घरी अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणंही. या बायका ना डॉक्टर, ना नर्स. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार त्या गावांतला नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. परवान्याचा नियम तिथे काटेकोर पाळला असता तर ती बाळं जगली नसती. मग परवाना मोठा की बाळ?

या उदाहरणावर मी बराच काळ अडकलो होतो. नंतर लक्षात आलं, की ताई आणि गडचिरोलीतली ती बाई या दोघींकडे नर्सचा कागद नव्हता, एवढंच त्यांच्यात सारखं होतं. बाकी सगळं वेगळं. गडचिरोलीत कोणतं इंजेक्शन, किती, कोणत्या लक्षणांवर, हे ठरलेलं होतं. प्रत्येक बाळाची नोंद होत होती, वरचा माणूस येऊन ती तपासत होता, आणि बाळाचे आईबाप काय चाललंय ते जाणून होते. कुणी तिला नर्स असल्याचं सोंग घ्यायला लावलं नव्हतं. चूक झाली तर ती कुणाची, हे ठाऊक होतं. म्हणजे परवान्याच्या पोटात जे असतं ते सगळं तिथे होतं, फक्त शिक्का नव्हता. ताईच्या दवाखान्यात शिक्काही नव्हता आणि पोटातलंही काही नव्हतं. होता तो फक्त कोट.

"इथे खेड्यात येणार कोण?" हे कारण आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यातही तथ्य आहे. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी घराघरात शिरलं, त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. रस्ते बंद, फोन बंद. अशा रात्री ज्याला जे येतं त्याने ते करावं. जखम बांधणाऱ्याचा नोंदणी क्रमांक कुणी विचारू नये. संकटाला सूट असतेच. पण सूट एका रात्रीची असते. आमच्याकडे झालंय असं, की गरिबी आणि आडवाट हेच कायमचं संकट धरून त्या एका रात्रीची सूट वर्षानुवर्षं वापरली जाते. शहरातल्या रुग्णाला नोंदणीकृत नर्स, आणि वाडीतल्या म्हातारीला "आहे ती बरी". हे 'आहे ती बरी' बोलणारा सहसा ती म्हातारी नसतो. त्यात ज्याचा पगार वाचतो, तो असतो.

महाडच्या मातीत हा प्रश्न आणखी खोल जातो. कोणी कोणतं काम करायचं, कुणाचा हात कशाला लागलेला चालतो, हे जन्मावरून ठरवणारा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला इथेच जाळला गेला. बाळंतपणाचं, नाळ कापण्याचं काम देशाच्या अनेक भागांत 'विटाळाचं' ठरवून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बायकांकडे ढकललेलं होतं. त्यांच्या हातातल्या कौशल्याला ना मान, ना मोबदला, ना नाव. परवान्याची कल्पना या व्यवस्थेच्या बरोबर उलटी आहे. ती म्हणते, जन्म विचारू नका, काय शिकलात ते दाखवा. परवाना कमावता येतो, आणि वाईट वागलात तर काढूनही घेता येतो. जात कमावता येत नाही, आणि कितीही वाईट वागलात तरी कुणी काढून घेत नाही. म्हणून परवाना हा मला नुसता सरकारी कागद वाटत नाही. तो समतेच्या बाजूचा कागद आहे.

मात्र कागदाचं पुढे काय होतं हेही महाडनेच दाखवलंय. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पाणी मात्र तीन वर्षं तसंच बंद होतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं स्वतः चालत जाऊन ओंजळ भरून पाणी प्यायली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९४९ पासून आहे. शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण असलं पाहिजे, हे त्यात तेव्हापासून लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, एवढंच.

आणि एक भीती खरी आहे: दार भिंत होऊ शकतं. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. खाजगी कॉलेजची फी, वसतिगृहाचा खर्च, आणि तेवढा काळ घरात न येणारा पगार, हे वाडीतल्या मुलीला परवडत नसेल, तर आपण जन्माच्या जागी पैसा आणून बसवला एवढंच होईल. म्हणून नियम कडक करा म्हणणाऱ्याने त्याच दमात, काम करत शिकण्याची वाट आणि विद्यावेतन हेही मागितलं पाहिजे. नाहीतर ताईला कामावरून काढणं सोपं जाईल, तिला शिकवणं राहून जाईल.

परवाना असता तर त्या रात्री ताईने नकार दिला असता का? खात्री नाही. कंत्राटावरच्या नोंदणीकृत परिचारिकाही नोकरीच्या भीतीने गप्प बसतात. पण नोंदणी असलेली बाई चुकीचं औषध देते तेव्हा स्वतःच्या नावावर देते. तिचा नोंदणी क्रमांक पणाला लागतो, म्हणून "माझ्या नोंदणीचा प्रश्न आहे, मी नाही देणार" हे वाक्य तिच्या तोंडी शोभतं. ताईचं नाव कुठेच नव्हतं. ती डॉक्टरांच्या नावावर काम करत होती, आणि उसन्या नावावर काम करणाऱ्याला मालकाला नाही म्हणता येत नाही. जबाबदारी आणि नकाराचा अधिकार एकाच कागदावर येतात. एक न देता दुसरं मागणं हा अन्याय आहे, आणि त्या सकाळी काउंटरवर नेमकं तेच झालं: अधिकार कधीच दिला नव्हता, जबाबदारी मात्र पुरती तिच्या अंगावर टाकली.

तुमच्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत असतील आणि आजी-आजोबा गावी असतील. पुढच्या वेळी त्यांना दाखल कराल तेव्हा डॉक्टरांची पदवी बघाल तशी एक गोष्ट आणखी विचारा: रात्री कोण असतं, आणि त्यांची नोंदणी आहे का? तिच्यासमोर, तिला खाली पाहायला लावून विचारू नका. ज्याने तिला तिथे उभं केलंय त्याला विचारा. आणि काही बिघडलंच, तर खरं काय घडलं ते सांगायला तोंड उघडा.

आजी त्यानंतर दोन वर्षं जगली. ताईबद्दल ती नेहमी म्हणायची, "त्या पोरीने मला वाचवलं." ते खरं होतं. इंजेक्शन देणारा हातही त्याच पोरीचा होता, हेही खरं. ही दोन्ही सत्यं त्या सकाळी मोठ्याने सांगू शकेल असा एकच माणूस तिथे होता, आणि तो गप्प राहिला. मला तर कुणाचा परवानाही लागणार नव्हता.