सोप्या चढाचे पुण्य

कष्ट जितके जास्त तितके पुण्य जास्त, हा हिशेब आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणी मांडला हे विचारायची गरजच वाटत नाही. भिगवण, इंदापूर, बारामती या पट्ट्यातून उन्हाळा लागला की चारधामच्या गाड्या निघतात. उजनीच्या काठावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आयुष्य काढलेला माणूस आठवडाभरात साडेतीन हजार मीटरवर जाऊन उभा राहतो. परत आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: ‘केदारनाथ चालत केलं का घोड्यावर?’ चालत म्हटले की समोरच्याची मान डोलते, घोडा म्हटले की नुसता हुंकार येतो. आणि एखाद्याने सांगितले की आम्ही चोपत्याहून तुंगनाथाची वाट सकाळी चढलो, दर्शन घेतले, दुपारी खाली आलो, बास, तर त्याची गणना यात्रेकरूंत न होता सहलीला गेलेल्यांत होते. उंच पर्वतातल्या अशा सोप्या, एका दिवसात आटोपणाऱ्या चालीला धर्माच्या अंगाने काही मोल आहे की नाही, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. माझ्या मते मोल आहे, आणि छाती फुटेस्तोवर केलेल्या चढापेक्षा ते पुष्कळदा जास्त आहे.

सुरुवात ग्रंथांपासून करू, कारण कष्टवादी मंडळी त्यांचाच आधार सांगतात. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे मोठे प्रकरण आहे. पुलस्त्य ऋषी भीष्माला तीर्थांचे माहात्म्य सांगतात, त्याच्या आरंभीचा मुद्दा सरळ व्यवहाराचा आहे: यज्ञाला साहित्य लागते, पैसा लागतो, माणसे लागतात, ते राजेरजवाड्यांचे काम. गरिबाला तेच फळ मिळावे म्हणून तीर्थयात्रा. म्हणजे यात्रा हा प्रकार मुळात सोपा पर्याय म्हणून पुढे आला. तिच्या फळाला अट घातली आहे ती हात, पाय आणि मन ताब्यात असण्याची, मिळेल त्यात समाधान मानण्याची, अहंकार सोडण्याची. किती कोस चालला, किती उंच चढला, पायाला किती फोड आले, हे फळ देताना कोणी विचारत नाही. पुढे लोमश ऋषी युधिष्ठिराला बरोबर घेऊन निघतात तेव्हा त्यांचा पहिला सल्ला हलके होण्याचा आहे. त्याप्रमाणे ज्यांना भूक, तहान आणि वाटेचा शीण झेपणार नाही त्यांना युधिष्ठिर परत पाठवतो. झेपत नसेल तर येऊ नका, हे धर्मराजाने सांगितले आहे, आणि त्यात कोणाचा अपमान झालेला नाही.

आता उंची. सपाटीवर शिकलेला कष्टाचा धडा डोंगरात उलटा पडतो. केदारनाथ सुमारे ३५८० मीटरवर आहे, पायवाट जिथून सुरू होते ते गौरीकुंड २००० मीटरच्या थोडे खाली. मधले अंतर सुमारे १६ किलोमीटर. म्हणजे एका दिवसात सोळाशे मीटरचा चढ. अडीच हजार मीटरच्या वर गेले की विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि केदारनाथाच्या उंचीवर श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम दोनतृतीयांश असतो. डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा की तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, आणि शरीराला सवय होईपर्यंत थोडे चालावे, थोडे चढावे, पुन्हा खाली येऊन झोपावे. लेहला विमानाने उतरलेल्या माणसाला पहिले दोन दिवस विश्रांती सांगतात ती याचसाठी. नंतर शांती स्तूपापर्यंत पायऱ्या, एखादा गोंपा म्हणजे बौद्ध मठ, असे हळूहळू. या उंचीवर छोटी चाल म्हणजे शरीराने घातलेली शिस्त. ती मोडून धावत सुटतो तो बहुधा तरणाताठा, रोज व्यायाम करणारा, ‘आपल्याला काय होतंय’ म्हणणारा असतो, आणि डोके धरून बसतो तोही तोच. तयारीचा शरीराला उपयोग असतो, पण विरळ हवेपासून ती वाचवत नाही. अमरनाथ यात्रेतल्या मृत्यूंची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०१२ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली. आज तेथे आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नोंदणी होत नाही. ज्या जागी मापात राहणे हीच पहिली अट आहे, तेथे मापाबाहेरच्या श्रमाला भक्ती म्हणणे मला पटत नाही.

पर्वत ओलांडणे म्हणजे काय हे भिगवणकरांनी खरे तर दारातच पाहिले आहे. हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळच्या पाणथळीत पट्टकदंब उतरतात: राखी अंग, पांढरे डोके, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. तिबेट, मंगोलिया, लडाखकडच्या तळ्यांवर ते वीण घालतात आणि हिमालय ओलांडून खाली येतात. एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडणारा पक्षी अशी त्यांची ख्याती. प्रत्यक्षात त्यांच्या अंगावर यंत्रे बसवून जे अभ्यास झाले त्यांत सर्वाधिक नोंद सुमारे ७२९० मीटरची निघाली, आणि बहुतेक प्रवास त्याच्या पुष्कळ खाली झालेला दिसला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर आणखी गंमत कळली. हे पक्षी एकदा उंची गाठून ती टिकवत नाहीत. जमिनीच्या चढउतारांना धरून ते दरीत उतरतात, पुन्हा चढतात. मिळवलेली उंची सोडून देणे वेडेपणाचे वाटते, पण विरळ हवेत पंख मारत राहण्यापेक्षा खाली येऊन पुन्हा चढणे त्यांना स्वस्त पडते. यावर कोणी म्हणेल, पक्ष्याला कुठले आले पाप नि पुण्य? बरोबर आहे. पट्टकदंबावरून धर्म ठरवता येणार नाही. पण उंचीचा मान राखायचा तर तिच्याशी झुंजलेच पाहिजे, ही समजूत माणसाने आपल्या पदरची घातलेली आहे, एवढे त्यावरून नक्की कळते.

आणि ज्या चालण्याचा आपल्याला सर्वाधिक अभिमान आहे त्याकडे पाहा. तुकोबांची पालखी नारायणमहाराजांनी १६८५ मध्ये सुरू केली. ती आज उंडवडीहून बारामती, काटेवाडीवरून सणसर, बेलवाडीचे रिंगण करून निमगाव केतकी आणि मग इंदापूर अशी आपल्या दोन तालुक्यांतून जाते. पाटसपुढचा रोटी घाट सोडला तर या भागात फारसा चढ नाही. वारीची सगळी रचनाच झेपण्यासाठी केलेली आहे. दिवसाची मजल ठरलेली, मध्ये न्याहारीचा आणि दुपारचा विसावा, सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, पाण्याचा टँकर मागे, रात्री राहुटी. काटेवाडीत पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते, तेवढा वेळ हजारो पाय थांबलेले असतात. डोक्यावर तुळस घेतलेली सत्तरीची बाई ही वाट पुरी करते, कारण ती रोज एका दिवसापुरतीच असते. चालण्याचे श्रम आहेत, पाऊस आहे, चिखल आहे, हे खरे. पण श्रम वाढवून कोणी पुण्य वाढवत नाही. उलट वाटेवरची गावे चहा, भाकरी, पायाला तेल देऊन ते श्रम कमी करण्यात पुण्य मानतात. कष्ट हेच पुण्य असते तर वारकऱ्याचे पाय चेपणारा त्याचे पुण्यच कमी करतो, असे म्हणावे लागेल.

यावर जड आक्षेप तपाचा. पार्वतीने शंकरासाठी केलेले तप काय सोपे होते? कैलासाची परिक्रमा लोटांगणे घालत पुरी करणारे तिबेटी यात्रेकरू, डोल्मा खिंडीच्या ५६०० मीटरवर दगडांवर अंग टाकणारे, ते काय चुकतात? चुकतात असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण कालिदासाने ‘कुमारसंभवा’त बटूच्या वेषातल्या शंकराच्या तोंडी घातलेला प्रश्न लक्षात ठेवावा: तू आपल्या शक्तीच्या बेतानेच तप करतेस ना? ज्याच्यासाठी तप चालले आहे तोच हे विचारतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर हट्टाने देहाला पीडा देणारे तप तामस ठरवले आहे आणि दिखाव्यासाठी केलेले राजस. लोटांगणे घालणाऱ्याचे मोल त्याच्या सोललेल्या गुडघ्यांवर ठरत नाही. त्या रीतीत तो लहानपणापासून वाढलेला असतो, त्या उंचीवर त्याचे रक्त पोसलेले असते, त्याच्यासाठी तेच माप असते. भिगवणच्या माणसाने त्याची नक्कल करणे हे गीतेच्या हिशेबात राजसाच्या जवळ जाते. मोबाइलवर लगेच फोटो चढला तर जवळ म्हणायचीही गरज नाही.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आणि मला अधिक अवघड वाटणारा. सोपेच चांगले असेल तर हेलिकॉप्टर काय वाईट? फाटा गावाहून दहा मिनिटांच्या आत केदारनाथ. किंवा मग घरीच का बसू नये? अरणचे सावता महाराज पंढरीला न जाता मळ्यातच विठ्ठल पाहत होते, आणि अरण आपल्यापासून भीमेच्या पलीकडे माढा तालुक्यात आहे, काही लांब नाही. घरी बसणाऱ्याला माझी हरकत नाही. सावतोबांचा मळा त्याने तितक्याच निष्ठेने राखावा. हरकत आहे ती सोपेपणाचे ओझे दुसऱ्यावर टाकण्याला. हेलिकॉप्टरने दरी दणाणते, आणि शरीराला उंचीची ओळख व्हायला वेळच मिळत नाही. खेचराच्या पाठीवर बसलो की आपला चढ त्याच्या छातीतून जातो. कंडीत बसवून एक माणूस दुसऱ्याला पाठीवर वाहतो, दंडीला चार खांदे लागतात. त्यावर त्यांची घरे चालतात, हे मान्य, आणि म्हाताऱ्या, आजारी, पायाने अधू माणसाने ती मदत जरूर घ्यावी. गंधमादनाच्या वाटेवर द्रौपदी कोसळली तेव्हा घटोत्कचाने तिला उचलून नेले. महाभारताने तिच्या यात्रेत काही उणे धरलेले नाही. मात्र द्रौपदी आधी आपल्या पायांनी चालली होती. चालता येत असताना केदारनाथच हवे म्हणून खेचर करणारा आणि खेचर नको म्हणून तुंगनाथापर्यंतच जाणारा, यांत दुसरा मला अधिक धार्मिक वाटतो. तुंगनाथही पंचकेदारांतलाच आहे, आणि सुमारे ३६८० मीटरवर असल्याने केदारनाथाहून उंच आहे. चोपत्यापासून साडेतीन-चार किलोमीटर. चढ वळणावळणाने विभागलेला, दर थोड्या अंतरावर टेकायला कठडा. आपण थकलो तर आपणच बसतो.

सोप्या वाटेने गर्दी होते, बुग्याळांतले, म्हणजे उंचावरच्या कुरणांतले, गवत तुडवले जाते, प्लास्टिक साचते, ही तक्रार खरी आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्याळांत रात्रीचे तंबू ठोकायला बंदी घातली. पण त्या निकालाचा एक रोख वर रात्र काढण्यावर होता. संध्याकाळी खाली उतरणारा आणि आपले रिकामे पाकीट खिशात परत आणणारा यात्री त्या डोंगराला सर्वांत कमी भारी पडतो.

म्हणून पुढच्या हंगामात यात्रा ठरवायला बसाल तेव्हा कंपनीवाल्याला दोनच गोष्टी विचारा. गौरीकुंडाच्या आधी चोपता भागात एक मुक्काम वाढवणार का, आणि एखाद्याचा श्वास लागला तर त्याला खाली आणायला बरोबर माणूस देणार का? दोन्हींना नाही म्हणाला तर पैसे भरू नका. हो म्हणाला तर आईवडिलांनाही बरोबर घ्या, आणि दम लागेल तेथून हात जोडून माघारी वळा.