दारावरचा सलाम आणि मुलांचा ई-मेल

परवानगी व सलामाशिवाय दुसऱ्याच्या घरात प्रवेश करू नये, अशी आज्ञा सूरह अन्-नूरमध्ये (२४:२७) आहे. सातारा-सांगलीच्या मोहल्ल्यांत आपण हा शिष्टाचार मुलांना लहानपणीच शिकवतो. ई-मेल हेही घराचे एक दारच आहे. तेथून अनोळखी मनुष्य विनापरवाना थेट मुलापर्यंत पोहोचतो. म्हणून पाल्याचे खाते आईवडिलांनी स्वतः उघडून द्यावे. अनोळखी पत्रातील लिंक वा फाइल आपणांस विचारल्याविना उघडू नये, पासवर्ड, छायाचित्र व पत्ता कोणास कळवू नये, हे त्यास प्रेमाने समजवावे. केवळ धाक दाखविल्यास मूल धमकीचे पत्रही लपविते आणि एकटे पडते. असे पत्र पुसू नका. चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ क्रमांकावर मदत मागा. अपत्य ही अल्लाहची अमानत आहे. तिचा जाब आपणांसच द्यावयाचा आहे.