भाताचा टुंग्रो आणि लावणीची तारीख

भाताला टुंग्रो झाला की पान टोकाकडून पिवळे-नारिंगी होऊ लागते, रोप खुजे राहते, फुटवे कमी येतात आणि लोंबी निसवलीच तरी दाणे बरेचसे पोचट निघतात. पहिल्या नजरेला नत्र कमी पडल्यासारखे वाटते. म्हणून युरिया टाकला जातो, पण रंग परतत नाही, कारण रोपात विषाणू शिरलेला असतो आणि शिरलेला विषाणू बाहेर काढणारे औषध नाही. तेव्हा रोप बरे करण्याचा विचार सोडून विषाणू रोपापर्यंत पोहोचतो कसा, याचाच विचार करावा लागतो.

तो बियाण्यातून येत नाही, मातीतून येत नाही. त्याला हिरवा तुडतुडा आणतो. टुंग्रोमागे खरे तर दोन विषाणू असतात, एक दंडाकृती आणि एक गोलाकार. रोपाची खरी दुर्दशा दंडाकृती विषाणू करतो, पण गोलाकाराची साथ असल्याशिवाय त्याला तुडतुड्याबरोबर प्रवास करता येत नाही. रोगट रोपाचा रस काही मिनिटे शोषला की तुडतुडा वाहक होतो आणि पुढच्या काही मिनिटांत तो निरोगी रोपाला लागण करू शकतो.

या वेगापुढे फवारणी हतबल ठरते. शेजारच्या शेतातून उडत आलेला तुडतुडा फवारलेल्या रोपावर बसतो, रस शोषतो आणि मग मरतो. मरण्याआधी त्याने विषाणू रोपात सोडलेला असतो. वर त्याच फवाऱ्याने तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकीटकही मरतात.

याच प्रवासाची दुसरी बाजू मात्र शेतकऱ्याच्या फायद्याची आहे. तुडतुड्याच्या अंगावरचा हा विषाणू काही दिवसच टिकतो. पिल्लाने कात टाकली की तो नाहीसा होतो आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत तर जातच नाही. म्हणजे प्रत्येक तुडतुड्याला विषाणू नव्याने, कुठल्यातरी रोगट रोपातूनच मिळवावा लागतो. विषाणूचा साठा असतो तो उभ्या पिकात, कापणीनंतर धसकटांना आलेल्या फुटव्यांत आणि सांडलेल्या दाण्यांतून उगवलेल्या भातात. परिसरात काही आठवडे हिरवा भात राहिलाच नाही, तर साखळी तुटते.

या वाक्यातला ‘परिसर’ हा शब्द महत्त्वाचा. एकट्याने शेत मोकळे ठेवून उपयोग नाही. आपली लावणी कोवळी असताना बांधापलीकडे दोन महिन्यांचा रोगट भात उभा असेल, तर तोच आपल्या शेताला रोग पुरवतो. गावात साथ असताना एकाच घराने दार लावून घेतल्यासारखे ते होते. आणि कोवळ्या वयात लागण झाली की नुकसानही सर्वांत जास्त होते.

हे कसे घडते आणि कसे सावरता येते, ते इंडोनेशियातल्या बाली बेटावर दिसले. तिथे एका पाटावरच्या शेतकऱ्यांची ‘सुबक’ नावाची संघटना असते. कोणी कधी लावायचे आणि कोणी कधी शेत पडीक ठेवायचे, हे अनेक सुबक मिळून जलदेवळांच्या परंपरेतून ठरवत. १९७०च्या दशकात हरितक्रांती आली आणि नवे बुटके वाण घेऊन जमेल तितक्या वेळा भात लावा, असा सरकारी आग्रह सुरू झाला. देवळाचे वेळापत्रक मागे पडले. प्रत्येकाची लावणी वेगळ्या वेळी होऊ लागली आणि वर्षभर कुठे ना कुठे हिरवा भात राहू लागला. आधी तपकिरी तुडतुड्याने पीक खाल्ले. त्याला तोंड देणारा आयआर-३६ हा वाण आला, तर तो टुंग्रोला बळी पडला. शेवटी शेतकऱ्यांनीच जुन्या वेळापत्रकाकडे परतण्याचा आग्रह धरला.

मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांनी ओस आणि पेतानू या नद्यांवरच्या १७२ सुबकांचे गणित संगणकावर मांडले. प्रत्येक सुबकाने स्वतंत्र तारीख धरली तर कीड-रोग वाढतात. सगळ्यांनी एकच तारीख धरली तर सर्वांना एकाच वेळी पाणी लागते आणि ते पुरत नाही. देवळांभोवती जेवढे गट प्रत्यक्षात बनले होते, साधारण तेवढ्याच आकाराच्या गटांत उत्पन्न उत्तम निघाले. यात एक मार्मिक गोष्ट दडली आहे. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला पाण्याची चिंता नसते, मग त्याने खालच्याचे का ऐकावे? कारण खालचा शेतकरी वेगळ्या वेळी लावू लागला, तर त्याचे तुडतुडे वर येतात. एकाला पाणी हवे, दुसऱ्याला कीड नको, आणि या दोन गरजांतून करार टिकतो.

प्रतिकारक वाणांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. पण एकच वाण सगळीकडे, हंगामामागून हंगाम लावला, तर तुडतुडे त्याला सरावतात. म्हणून इंडोनेशियाच्याच दक्षिण सुलावेसी प्रांतात लावणीची वेळ ठरवण्याबरोबर वाणही आलटून पालटून घेण्याचा मार्ग धरला गेला. वाण बदलणे काय, तारीख पाळणे काय, दोन्ही एकट्याची कामे नव्हेत.

कोकणात पावसावरचा भात कापला की बहुतेक रान कोरडे पडते, आणि हा खंड आपल्याला फुकट मिळतो. भंडारा-गोंदियात मात्र पाणी असेल तिथे खरिपामागून उन्हाळी धानही घेतात, आणि तिथे खंड ठरवूनच ठेवावा लागेल. तेव्हा पाणीवापर संस्थेच्या बैठकीत आवर्तनाची तारीख ठरते, त्याच बैठकीत रोवणीची तारीख, धसकटे नांगरून टाकण्याची मुदत आणि हंगामाचे वाणही ठरवावेत. फवारणीचा पंप भाड्याने मिळतो, पण शेजाऱ्याची संमती हंगामापूर्वीच मिळवावी लागते.